गाळाचा मानपान

मे महिन्यात वऱ्हाडात बाहेरून येणारी माणसं दोन प्रकारची असतात : लग्नाला बोलावलेली आणि कामावर पाठवलेली. लग्नाला आलेल्यांना निदान जेवण झाल्यावर निघून जाता येतं. मी दुसऱ्या प्रकारातली होते. पुण्यात बसून सरकारी अहवालांचा मराठी गोषवारा लिहिणं हा माझा उद्योग आहे. मूळ अहवाल इंग्रजीत असतो आणि उशीसारखा जाड असतो. गोषवारा मराठीत आणि उशीच्या अभ्र्याएवढा. दोन्ही सारख्याच निष्ठेने न वाचले जाणारे. एरवी मला कोणी कुठे पाठवत नाही. या खेपेला समितीच्या अध्यक्षांना वाटलं, की गोषवारा लिहिणाऱ्या व्यक्तीने 'प्रत्यक्ष क्षेत्र अनुभवावं'. त्यांना स्वतःला मात्र क्षेत्राचा अनुभव आधीच पुरेसा होता, असं पुढे दिसून आलं.

समितीचं काम ऐकायला अवघड आणि समजायला सोपं होतं. नदी जे जे वाहून आणते, त्यातलं पाणी पुढे जातं आणि जड तेवढं तळाशी बसतं. शहराचा नाला, कारखान्यांचं सांडपाणी, कपाशीवर मारलेली औषधं, यांतलं बरंच काही गाळाच्या कणांना चिकटून तिथेच राहतं. नुसतं पाणी तपासलं तर नदी चारचौघांत बोलावं तसं बोलते. घरातलं खरं गाळाला माहीत असतं. तो गाळ काढायचा, त्यात कोणती रसायनं किती आहेत ते पाहायचं, आणि त्यामुळे तळातले किडे, किडे खाणारे मासे आणि मासे खाणारे आपण, यांचं काय होईल याचा अंदाज बांधायचा. याला अहवालात 'परिसंस्थीय जोखीम-निश्चिती' म्हणतात. हा शब्द कोणी बनवला मला ठाऊक नाही. मी नाही, एवढं सांगते.

समितीत कागदावर बरीच मंडळी होती. अमरावतीचं तापमान पाहिल्यावर त्यांतल्या बहुतेकांच्या घरी काही ना काही निघालं, आणि आम्ही तिघं उरलो : अध्यक्ष, रसायनशास्त्रज्ञ डॉ. राजश्री आणि मी. अध्यक्ष मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर पद गेलं, पण पदावर बसायची सवय राहिली. ती ते निरनिराळ्या समित्यांवर भागवतात. राजश्री पस्तिशीची, कमी बोलणारी. तिच्या सामानात कपड्यांपेक्षा बरण्या जास्त होत्या.

अमरावती

विश्रामगृहात उतरल्यावर पहिला सत्कार झाला. कशाबद्दल, ते सत्कार करणाऱ्यांनाही नीट सांगता आलं नाही. पण शाल आणली होती, आणि आणलेली शाल परत नेणं बरं दिसलं नसतं. बाहेर ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा सावली बदलायला कंटाळली होती. अशा हवेत अध्यक्षांनी लोकरीची शाल अंगावर घेऊन वीस मिनिटं उत्तर दिलं. निसर्गाविरुद्ध माणसाची जिद्द मी इतक्या जवळून प्रथमच पाहिली.

संध्याकाळी मी आणि राजश्री गिला वडा खायला बाहेर पडलो. नावावरून मला वाटलं होतं की भजं पाण्यात भिजवलेलं असेल. होतंही तसंच, पण वर दही, चटणी आणि तिखट अशा बेताने घातलेलं, की भिजण्याबद्दलचं माझं मत तिथल्या तिथे बदललं. पुण्यात एखादा पदार्थ मागितला तर दुकानदार आधी आपली लायकी जोखतो. इथे दुकानदाराने दुसरी प्लेट न विचारताच भरली. "खा न ताई, एका प्लेटीत काय होते?" हे त्याचं म्हणणं. बिलात ती दुसरी प्लेट होती, हेही नोंदवून ठेवते.

परत आलो तर दारात दिवाकरभाऊ बसलेले. दुसऱ्या दिवशी ज्या गावी नदीतला नमुना घ्यायचा होता तिथले ते सरपंच. गाव वलगावच्या पुढे, पेढी नदीच्या काठावर. नाव लिहीत नाही, कारण गावाने आम्हाला जेवू घातलं. दिवाकरभाऊ खास निमंत्रण द्यायला आले होते.

"तुमी फक्त या जी. बाकी सगळं आमी करून ठेवलं हाय."

राजश्री सावध झाली. "काय करून ठेवलंय?"

"तयारी."

"तयारी काही नको हो. मला नदी आहे तशी हवी."

दिवाकरभाऊंना हे चमत्कारिक वाटलं. "तसं कसं मॅडम? पाहुणे येऊन राहिले, अन् घर झाडाचं नाई?"

अध्यक्षांनी हात वर करून आशीर्वाद दिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "लोकसहभाग! लिहून घ्या." मी लिहून घेतलं.

नदीवर

नदीकाठी मंडप होता. तोही असातसा नाही. गुलाबी झालरीचा, लग्नातला. मंडपाच्या तोंडाशी बायकांनी रांगोळी काढली होती. तिच्यात मासा होता, कमळ होतं आणि मधोमध 'समितीचे हार्दिक स्वागत'. काठावरून पात्रात उतरायला पायऱ्या कोरल्या होत्या आणि पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत तांबडा मुरूम अंथरून, धुमसाने ठोकून, वर पाणी मारलं होतं. नव्या रस्त्यावरून मोठ्या माणसाची गाडी जायची असते तेव्हा जसा दिसतो, तसा तो रस्ता दिसत होता. फक्त तो नदीत जात होता.

राजश्रीचं नमुना घेण्याचं यंत्र म्हणजे पोलादी जबडा. दोरीला बांधून तळाशी सोडायचा, दोरीला झटका दिला की मिटतो आणि तोंडात मावेल तेवढा गाळ घेऊन वर येतो. तो तिने पेटीतून काढला, आणि ती दोरी सोडवायला वळली तेवढ्यात गावाने त्याचा ताबा घेतला. जबड्याला हळद लागली, कुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. नव्या ट्रॅक्टरची पूजा करतात तशी ती झाली, नारळही फुटला, आणि नारळाचं पाणी जबड्याच्या आतल्या बाजूला पडलं.

राजश्रीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "सर, तो मी आम्लाने धुऊन आणला होता. कुंकवात शिसं असू शकतं. आपण शिसंच शोधायला आलोय."

"श्रद्धेचा विषय आहे," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "अहवालात कुंकवाचा उल्लेख नको."

तिने तो जबडा मंडपामागे नेऊन बाटलीतल्या पाण्याने बराच वेळ घासला. बायका तिच्याकडे, नवी सून आल्या आल्या देवाची भांडी पुसायला बसावी तशा कौतुकाने पाहत होत्या. मग छायाचित्रं निघाली, मग अध्यक्षांनी दोरी हातात धरली, पुन्हा छायाचित्रं निघाली, आणि अखेर जबडा पाण्यात गेला. वर आला तेव्हा त्याच्या तोंडात दोन मुठी तांबडे खडे होते.

राजश्रीने थोडं पुढे जाऊन टाकला. खडे. आणखी पुढे. खडे.

"हा गाळ नाही," ती म्हणाली. "हा मुरूम आहे."

दिवाकरभाऊंना याच क्षणाची वाट होती. "हाव न! दूरवर टाकला जी. पहिले इथं कमरीइतका काळा चिखल होता. तुमचे बूट फसले असते. म्हणून जेसीबी लावून सारा खरवडला, अन् वरतून मुरूम टाकला. आता पाहा, कसं चकाचक."

राजश्रीने दोन वर्षं ज्या ठिकाणाचा नकाशा जपला होता, तिथला नेमका तेवढाच तळ गावाने तिच्या स्वागतासाठी काढून टाकला होता. आणि राग कोणावर धरायचा? समोर भर उन्हात घाम पुसत उभा असलेला माणूस कौतुकाच्या अपेक्षेने पाहत होता. मी अनेक अहवालांत 'स्थानिक यंत्रणेचे असहकार्य' असं लिहिलं आहे. सहकार्याने काम बुडाल्याबद्दल काय लिहायचं, याचा तयार शब्द माझ्याकडे नव्हता.

अध्यक्ष मात्र खुशीत होते. "हाच नमुना घ्या. कार्यक्रमपत्रिकेत ठिकाण हेच छापलंय."

"सर, हा कुठल्यातरी टेकडीचा नमुना आहे."

"मग संदर्भ नमुना म्हणून घ्या. एक तरी नदी स्वच्छ निघाली पाहिजे. सगळंच वाईट लिहिलं की लोकांचा उत्साह जातो."

तिने मुकाट्याने एका बरणीत मुरूम भरला. मग झाकण लावत दिवाकरभाऊंना विचारलं, "तो काळा चिखल कुठे गेला?"

"वहिनीच्या वावरात. चला, जेवाले तिथंच जाचं हाय."

कुसुमताईंचं वावर

वहिनी म्हणजे कुसुमताई, दिवाकरभाऊंच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वलगावच्या शाळेत शिपाई. शेत बघतात त्या. नदीला लागून त्यांचा भाजीचा तुकडा आहे. मेथी, पालक, वांगी आणि सांबार लावतात, आणि गाडीवर घालून अमरावतीच्या बाजारात नेतात. सांबार म्हणजे कोथिंबीर. हे कळायला मला थोडा वेळ लागला, तोवर मी इडलीचा विचार करत होते. मागच्या पुरात त्या तुकड्याची वरची माती वाहून गेली आणि खाली दगडगोटे उघडे पडले. त्या गोट्यांवर टाकायला नदीतला काळाशार गाळ फुकट मिळाला होता. ढिगांची एक ओळच्या ओळ बांधावरून दिसत होती. पाऊस येण्याच्या आत तो पसरायचा, मग भाजी लावायची, असा बेत.

कडुनिंबाखाली पंगत होती. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि ठेचा. रोडगा म्हणजे कणकेचा गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून काढतात. तो हाताने फोडायचा, त्यावर तूप ओतायचं. मी एक खाल्ला आणि पोट भरल्याचं जाहीर केलं. कुसुमताईंनी ते ऐकून दुसरा वाढला.

"पुण्याकडं काय एकाच रोडग्यावर ठेवतेत का माणसाले?"

"पुण्याकडे रोडगाच नसतो."

"मंग तं खाच."

जेवण आटपल्यावर त्यांनी पदराला हात पुसले आणि सरळ अध्यक्षांपुढे येऊन बसल्या. सोबत कोणाला घेतलं नाही, प्रस्तावना केली नाही. "साहेब, तुमी नदीतल्या चिखलाची तपासणी करून राहिले म्हंते. हा चिखल तिथचाच हाय. पसरवू का नको पसरवू?"

इतका नीट विचारलेला प्रश्न मी कोणत्याही समितीच्या कार्यकक्षेत वाचलेला नाही.

अध्यक्षांनी घसा साफ केला. गाळ ही संपत्ती आहे, पण संपत्तीची जबाबदारीही असते. नदी माता आहे. विज्ञान घाई करत नाही. सर्वंकष विचार होईल. कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे झालं. पसरवू का?"

"सर, याचा नमुना घेते," राजश्री उठली.

"थांबा." अध्यक्षांनी तिला बाजूला घेतलं. बाजू फार लांब नव्हती, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "आपली समिती नदीतल्या गाळासाठी आहे. हा आता नदीत आहे का? नाही. बाहेर काढल्याक्षणी तो माती झाला. माती दुसऱ्या खात्याकडे."

"पण सर, गाळ तोच आहे."

"गाळ तोच असेल. कक्षा तीच नाही."

दिवाकरभाऊ मध्ये पडले. "सोनं हाय ते, वहिनी. इचारून काय राहिल्या? काळं म्हंजे खत."

"काळं म्हंजे काहून काळं, ते त्या बाईले माहीत असन," कुसुमताई राजश्रीकडे बघत म्हणाल्या. पण अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, अकोल्याच्या सत्काराची वेळ होत आली होती, आणि आम्ही उत्तर न देता गाडीत बसलो. मागच्या सीटवर पिशवीभर वांगी कोणीतरी आधीच ठेवली होती.

अकोला

अकोल्यात मोर्णा नदी शहराच्या मधून जाते. अलीकडे नवं, पलीकडे जुनं शहर. बाजार, गल्ल्या, मसाल्यांचा वास. नदीवर जलकुंभीची हिरवीगार चादर होती. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, महापालिकेने लॉन केलंय. सत्कार आदल्या रात्रीच उरकला होता, पण इथे नदीवर मंडप नव्हता. कोणीतरी पत्र वाचायचं विसरलं होतं, असं अध्यक्षांना खेदाने सांगण्यात आलं. राजश्रीने सुटकेचा श्वास टाकला.

सकाळी पुलावरून जबडा खाली सोडला. दोरीला काही बांधून कोणी नदीत सोडतंय म्हटल्यावर गर्दी जमायला वेळ लागला नाही.

"काय पडलं भाऊ?"

"कोनाचा तरी मोबाईल पडला वाटते."

"मोबाईलसाठी कोन एवढा लोखंडी पंजा आणते? माणूस असन."

"माणूस असता तं पोलीस नसते आले का? काहून मॅडम, माणूस हाय का?"

"चिखल काढतोय," राजश्री म्हणाली.

मग एक म्हातारबाबा समजुतीच्या स्वरात म्हणाले, "एवढ्या दुरून आले, अन् चिखलच काढाचा होता? तिकडं नाई का चिखल?"

पहिल्यांदा वर आली ती चप्पल. लोकांनी ती ओळखीची आहे का ते पाहिलं. दुसऱ्यांदा गणपतीचा रंगवलेला हात, प्लास्टरचा, आशीर्वादाच्या मुद्रेतला. गर्दीतल्या काहींनी नकळत नमस्कार केला. तिसऱ्यांदा जबडा जड वर आला, आणि राजश्रीने तो पसरट ट्रेमध्ये उघडला. आत लोण्यासारखा मऊ, काजळीसारखा काळा गाळ होता. वास आला तसे अध्यक्ष पुलाच्या दुसऱ्या टोकाला वारसास्थळ पाहायला गेले. तिथे वारसास्थळ नव्हतं, पण वारा होता.

राजश्रीला मात्र हरखल्यासारखं झालं होतं. चमच्याने गाळ बरण्यांत भरता भरता तिने मला प्रथमच नीट समजावून सांगितलं. काळा रंग खताचा असतोच असं नाही. तळाशी हवा पोचत नाही, तिथे गंधकाची संयुगं तयार होतात आणि धातूंना धरून ठेवतात, रंग त्यांचा. तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम, जे काही वरून आलं ते त्या काळ्या गाळात बांधलेलं असतं. तळाच्या किड्यांनाही ते तेवढं सहज लागत नाही. त्यामुळे गाळात किती विष आहे एवढंच मोजून भागत नाही. ते सुटं किती होणार, हे पाहावं लागतं.

"आणि सुटं कधी होतं?"

"हवा लागली की. गाळ बाहेर काढला, उन्हात वाळवला, उलथापालथ केली, की बांधलेलं सुटायला लागतं." ती एकदम थांबली. "काळ्या जमिनीत चुनखडी असते, ती बरंच धरून ठेवेल. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित पालकात उतरेल. पालक तर असलं सगळं आवडीने घेतो."

कुसुमताईंचे ढीग उन्हातच होते.

दुपारच्या सभेत अध्यक्षांनी पडद्यावर नदी दाखवली. दाखवलेली नदी अकोल्याची नव्हती. चित्रात बर्फ होता. भाषणाच्या शेवटी त्यांनी सांगितलं, की अमरावती जिल्ह्यात तपासणी समाधानकारक झाली असून तिथल्या पात्राची स्वच्छता डोळ्यांत भरण्यासारखी आहे. टाळ्या झाल्या. राजश्री माझ्या शेजारून उठून बाहेर गेली. मी गेले तेव्हा ती गाडीच्या चालकाशी बोलत होती.

"सर उद्या इथूनच गाडी पकडणार आहेत," ती म्हणाली. "मी सकाळी गावाला जाऊन बडनेऱ्याहून जाते. तुम्ही येता?"

"ते आपल्या समितीच्या कक्षेत नाही ना?"

"वांगी परत द्यायला जाते म्हणून सांगेन."

पुन्हा वावरात

कुसुमताई आम्हाला पाहून चकित झाल्या नाहीत. डोक्याला पदर गुंडाळून त्या गोटे वेचत होत्या. "उत्तर आनलं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"नाही," राजश्री म्हणाली. "नमुना न्यायला आले."

तिने ढिगाच्या वरून, आतून, बुडातून गाळ घेतला. वरचा थर करडा होऊन भेगाळला होता. आत अजून काळा, ओला. कुसुमताई घमेलं धरून उभ्या होत्या. काम झाल्यावर राजश्रीने त्यांना सगळं सांगितलं, पुलावर मला सांगितलं होतं त्याहून सोपं करून. हा गाळ काही किड्यांच्या अळ्यांना देऊन बघायचा. नदीच्या तळात राहणाऱ्या असतात त्याच. त्या जगल्या, वाढल्या, त्यांचे चिलटासारखे किडे होऊन उडाले, तर बरं. सोबत धातूही मोजायचे. त्याला काही आठवडे लागतील.

"काही आठवडे म्हंजे पाऊस येते."

"हो."

"पाऊस माह्यासाठी थांबन का?"

"नाही थांबणार."

"तुमी सोता काय केलं असतं?"

राजश्रीने बरणीवर नाव लिहीत असलेला हात थांबवला. समितीत असताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. "मी पसरला नसता. पण माझ्याकडे आज पुरावा काही नाही, ताई. उद्या गाळ चांगला निघाला तर तुमचा हंगाम मी उगाच घालवला असं होईल."

"पुरावा कोर्टात लागते. मले तं भाजी इकाची हाय." कुसुमताई ढिगाकडे पाहत राहिल्या. त्या ढिगात त्यांची या वर्षीची मेथी आणि पालक होता. नाही पसरला तर उघडे गोटे होते. "इकाची अन् खाची बी. आमी का दुसरी भाजी इकत घेतो? पहिली जुडी घरीच येते."

दिवाकरभाऊ फटफटीवरून आले, वहिनी ढिगावर जुनी ताडपत्री ओढतायत हे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "बाप्पा! सोन्यावर कोनी झाकण घालते का?"

"सोन्यावरच घालतेत, भाऊजी. या, ते टोक धरा."

त्यांनी धरलं. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्या दिवशीही त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. या खेपेला मी दुसरा रोडगा स्वतःहून मागितला.

पुणे

पुढचं मला राजश्रीच्या फोनवरून कळत गेलं. कुसुमताईंच्या गाळात ठेवलेल्या अळ्या बऱ्याचशा मेल्या. ज्या उरल्या त्या खुरट्या राहिल्या. उडण्याइतपत किडा त्यांतून जवळजवळ निघालाच नाही. शेजारच्या भांड्यात, स्वच्छ गाळातल्या अळ्या मजेत होत्या. धातूंचे आकडेही चांगले नव्हते. ते कुठून आले, हे त्यावरून सांगता येत नव्हतं, आणि तिने सांगितलंही नाही. मुरमाच्या बरणीचा निकाल मात्र उत्तम आला. अध्यक्षांनी तो स्वतंत्र परिच्छेदात, ठळक अक्षरांत घालायला सांगितला.

"आणि ढिगाचं?" मी विचारलं.

"सर म्हणतात, कक्षेबाहेरचा नमुना. फार तर परिशिष्टात. तेही पुढच्या बैठकीत ठरेल. बैठक दिवाळीच्या सुमारास."

फोन आम्ही दोघींनी मिळून केला. या वर्षी पाऊस लांबला होता. पलीकडे पाखरांचा आवाज होता. राजश्रीने निकाल सांगितला. कुसुमताईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हंजे नाई पसरवाचा."

"नाही."

"बरं. मंग या साली त्या तुकड्यात काही नाई. वरच्या वावरात थोडी मेथी टाकीन. पण आता याचं करू काय? कुठी नेऊ?"

राजश्रीने सांगायला सुरुवात केली. खाली जाड प्लास्टिक अंथरलेला खड्डा, वरून झाकण, पाण्यापासून दूर, आणि ते काम खरं म्हणजे यंत्रणेने करायचं. बोलता बोलता तिलाच ऐकू आलं असावं की यातलं काहीच तिच्या हातात नाही. इतक्यात फोन दिवाकरभाऊंनी घेतला.

"मॅडम, तुमी टेन्शन घेऊ नका. जिथून काढला तिथंच टाकून देतो. पुढची कमिटी याच्या अगोदर नदी जशीच्या तशी. तुमी म्हणलं होतं न, आहे तशी पायजे म्हणून?"

"नको!" राजश्री जवळपास ओरडलीच. पण तिच्याआधी कुसुमताईंनी फोन परत घेतला होता.

"त्यायचं ऐकू नका. नदीत गेला तं खालच्या गावाले जाईन. तिथं बी बाया भाजीच लावते. राहू द्या इथंच, ताडपत्रीखाली. मी हात लावत नाई, कोनाले लावू देत नाई." मग त्या मला उद्देशून म्हणाल्या, "तुमी मराठीत लिहिता न ताई? मंग लिहा, की हा ढीग इथं हाय. अन् ज्यायचं काम हाय त्यायनं उचलून न्यावा. पानी याच्या आत."

मी लिहिलं. गोषवाऱ्याचं पहिलंच वाक्य तेवढं केलं : पेढीकाठच्या अमुक गावी (तिथे नाव लिहिलं आहे) नदीतून काढलेला विषारी गाळ एका भाजीच्या शेतात झाकून ठेवला असून, तो पसरू नये, नदीत परत टाकू नये, आणि पाऊस सुरू होण्याआधी शासनाने सुरक्षित जागी हलवावा, अशी समितीची शिफारस आहे. समितीच्या इंग्रजी अहवालात अशी शिफारस नाही. राजश्रीला वाक्य वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, तपासणीचे आकडे माझे आहेत, खाली माझंही नाव घाला.

गोषवारा घेऊन मी अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, चार पानं हातात घेऊन त्यांचं वजन केल्यासारखं केलं आणि शेवटचं पान उघडलं, कारण सहीची जागा तिथे असते.

"भाषा सोपी ठेवलीय ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी लांबरुंद सही केली, खाली तारीख घातली, आणि प्रती कोणाकोणाला पाठवायच्या ते विचारलं. मी जिल्हाधिकारी कार्यालयाचं नाव सर्वांत वर सांगितलं. तिथून निघून कोपऱ्यावरच्या टपाल कचेरीत गेले आणि ती प्रत त्याच दुपारी रजिस्टर केली. मग कुसुमताईंना फोन लावला.

"सही झाली," मी म्हटलं.

"वाचून केली का?"

"नाही."

"मंग होईन काम," कुसुमताई म्हणाल्या, आणि ताडपत्रीवर दगड ठेवायला गेल्या, कारण तिकडे वारा सुटला होता.